जमादारांचं मीठ

आमच्या निलंग्यात लग्नाच्या पंगतीला दौलत जमादार बसले की वाढपी आधीच ओरडायचा, "अळणी आणा!" त्यांचं वरण वेगळं, भाजी वेगळी. पानात चुकून मीठ वाढलंच तर ते बोटानं शेजाऱ्याच्या पानात सारत. वैद्यानं सांगितलं होतं म्हणून नव्हे. साठीतही गडी असा ठणठणीत, की वैद्यानंच त्यांच्याकडून औषध घ्यावं.

जमादार सरकारी फौजेतले नव्हते. निजामाच्या राज्यात देशमुख, जहागीरदार आपापल्या पदरी बंदूकवाले ठेवत, त्यांतले ते. मिसरूड फुटलं तेव्हा एका अरब जमादाराच्या हाताखाली लागले. मग देशमुखाच्या गढीचा दरवाजा, लातूरच्या मोंढ्यातून हैदराबादेला धान्य नेणाऱ्या गाड्यांची सोबत, माहूरच्या रानातून यात्रेकरूंची राखण, असं करत स्वतः पंचवीस माणसांचे जमादार झाले. "सात घरं राखली मास्तर," मला सांगत, "पन गोळी एक झाडली न्हाई. आपुन निस्तं हुबं राहिलं की लोक वाट बदलत." त्या मिशीकडे पाहिलं की मलाही ते खरं वाटायचं. असा माणूस आपल्या गावचा आहे याचा मला अभिमान होता, आणि अजून आहे.

त्यांचा नेम एकच. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं दार राखायचं. चाकरी सुटली की धन्याच्या उंबऱ्यावर चिमूटभर मीठ परत ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. मिठाला जागावं असं आपण सगळेच म्हणतो. जमादार ते ताटात पाळत.

एकदा आमच्या आत्याकडे बारशाला गडबडीत त्यांना सगळ्यांचंच वरण वाढलं गेलं. पहिल्याच घासाला जमादारांचा चेहरा उतरला. "घात झाला आत्याबाई. आता इलाज न्हाई." जेवण संपवलं, हात धुतले, बंदूक मागवली आणि दारात उभे राहिले. संध्याकाळी आत्याचा थोरला जावई आला, तर जमादार त्याला आडवे.

"वळख सांगा."

"अहो, मी जावई या घरचा!"

"आसाल. घरधनिनीला सांगू द्या."

आत्या नेमकी शेजारी गेलेली. ती येईपर्यंत जावईबापूंना लिंबाखाली बसवून ठेवलं. पाण्याचा तांब्या मात्र स्वतः नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी आत्यानं हात जोडले, तेव्हा कुठे उंबऱ्यावर मीठ ठेवून ते निघाले.

पुढे शेवटच्या देशमुखानं तरुण शिपाई ठेवले आणि जमादारांना निरोप दिला. त्यांना ना बायको, ना घर. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत राहू लागले. तिथं स्वतः रांधायचे, तेही अळणीच. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, स्वतःचं तरी मीठ खा की!"

"सोताचं दार कुठं हाय मास्तर?" ते म्हणाले.

मला तीन महिन्यांसाठी नांदेडच्या शाळेत जायचा हुकूम आला, तेव्हा दिवस लुटालुटीच्या धास्तीचे होते. घरात म्हातारी आई आणि दिवस भरत आलेली बायको. पण साध्या मास्तरानं जमादार कुठून ठेवावा? विचारायचीही लाज वाटली. निघायच्या सकाळी तेच आले. आईनं नेहमीसारखं अळणी वरण पुढे ठेवलं. ते हळूच म्हणाले, "माय, मीठ द्या."

आईनं मिठाचं भांडंच पुढे केलं. त्यांनी चिमूटभर मीठ वरणात कालवलं आणि पहिला घास घेतला. "जावा मास्तर," ते खाली बघूनच म्हणाले. "म्या हाय हितं."

तीन महिन्यांनी परतलो तर दारात बंदूक आडवी.

"वळख सांगा."

"जमादार, मी!"

"ते दिसतंय. मायीला सांगू द्या."

आई हसत बाहेर आली, कुशीत माझी लेक. तिनं "आमचाच आहे" म्हटल्यावर मला घरात प्रवेश मिळाला.

दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर चिमूटभर मीठ होतं. जमादार काखेत वळकटी घेऊन अंगणात उभे होते. "धनी आले. आता म्या मोकळा," म्हणाले, पण पाय निघत नव्हता.

आईनं वाकून ते मीठ वेचलं, चुलीवरच्या वरणात टाकलं आणि पाट मांडला.

"जेवून जा, जमादार."

जमादारांनी वळकटी कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला बसले.