विमलताईची गादी

दारव्ह्याला कमलाकरच्या घरात ढेकूण झाले, ते नेमके विमलताई राहायला आली त्याच महिन्यात. कोणी बोलून दाखवलं नाही, पण ताईला ते कळत होतं. भाऊ पाठ खाजवत चहाला बसला की ती निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला घ्यायची.

तिचा नवरा सदाशिवराव मागच्या दसऱ्याच्या सुमारास गेला. त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली होती. फवारता फवारता औषध अंगात भिनलं आणि पाठीवर पंप असतानाच तो वावरात कोसळला. भावाकडे येताना ताईने एक ट्रंक आणि एक गादी आणली. गादीत त्यांच्याच वावरातला कापूस होता, लग्नानंतरच्या पहिल्या वेचणीचा.

"औषधाची एक बाटली आणा, दोन दिवसांत साफ," ऑफिसात सगळे सांगत. पण ताईसमोर तसली बाटली घरात आणायची कशी? मग कमलाकरच्या बायकोने, सुहासिनीने, अंथरुणांखाली कडुनिंबाचा पाला पसरला. ढेकूण जागच्या जागी राहिले, काड्या मात्र कमलाकरच्या पाठीत रुतल्या. मग पाला उकळून पाणी शिंपडलं. कमलाकर सदऱ्यावर हिरवे डाग आणि अंगाला कडू वास घेऊन कचेरीत गेला. शेजारच्या कारकुनाने खुर्ची लांब सरकवली. "घरी कोणाले गोवर झाला का, भाऊ?"

तिसऱ्या दिवशी निरगुडीचा धूर केला. खिडकीतून लोट बाहेर पडताना पाहून शेजारची खैरुनबी बादली घेऊन धावत आली आणि दारात खोकत उभ्या असलेल्या कमलाकरवरच तिने ती रिकामी केली.

ताई म्हणाली, "कमू, माही गादी जाळून टाक. मीच आणली ही पिडा तुह्या घरी."

"जाळाची कायले? उन्हात तापवू."

दुसऱ्या दिवशी रहेमान पिंजारी आला. गच्चीवर त्याने शिवणी निरखत गादी उसवली, खोळ उकळत्या पाण्यात टाकायला दिली, कापूस उन्हात पसरला. मग म्हणाला, "ताई, यात एकबी ढेकूण नाही."

सुहासिनीने खाली जाऊन आपला पलंग उलटा केला. सांधे ढेकणांनी भरलेले होते. पलंग तिच्या माहेरचा होता.

"ताई, मले माफ करा," ती वर येऊन म्हणाली.

ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात वावटळ आली. सगळा कापूस उचलला गेला आणि गल्लीवर पसरला. झाडांत, तारांवर, रिक्षाच्या टपावर. ताई अनवाणी जिना उतरून धावली. "माहा कापूस! अवो, कोणी धरा न!"

सारी गल्ली धावली. संध्याकाळपर्यंत लोक कापूस आणून देत होते, कोणी पदरात, कोणी घमेल्यात. ज्यांना सापडला नाही, त्यांनी गुपचूप आपल्या उशीतला काढून आणला. खैरुनबीने आणलेल्या कापसाला तर अत्तराचा वास येत होता.

रहेमानने पिंजून भरायला घेतला आणि थांबला. "ताई, खोळीत मावून नाही राह्यला."

ताई त्या ढिगाशी बसली. यातला आपला कोणता, तिला ओळखू येईना. "आमच्या यायच्या वावरानं एवढा कापूस कधीच देल्ला नाही," ती म्हणाली आणि हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

रहेमानने भरलेल्या खोळीचं तोंड शिवून घेतलं. "मंग उरल्याच्या उशा शिवतो, ताई. दोन?"

ताईने पदराने डोळे पुसले.

"एकच लागते."