जिल्ह्यातली सर्वांत जुनी शाळा

मोये शाळेचे हेडमास्तर गुमेर्सिंदो बाल्देरामा गेली चौदा वर्षं दर सहा ऑगस्टला सांता रीता शाळेच्या पाठी बघत चालत होते, आणि आता त्यांना ते सहन होईना.

तुतुरमायू गावात स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाचा नियम एकच: जी शाळा जुनी, ती पुढे. चौकाच्या पलीकडची सांता रीता १९३१ सालची, आणि मोये १९३६ची. फरक अवघा पाच वर्षांचा. पण सांता रीता आली की नगराध्यक्ष उभं राहून टाळ्या वाजवत, आणि मागून मोयेची मुलं येईपर्यंत ते खाली बसून साल्तेन्या, म्हणजे आत रस्सा भरलेल्या मोठ्या करंज्या, खायला लागलेले असत. साल्तेन्याचा रस शर्टावर सांडू नये म्हणून मान खाली घालावीच लागते, त्यात अपमान कसला? पण बाल्देरामासरांनी तो लावून घेतला होता आणि चौदा वर्षं जपूनही ठेवला होता.

खरं तर लाज वाटावी अशी गोष्ट त्यांच्या शाळेत दुसरीच होती. दोनशे चाळीस मुलांना मिळून संडास दोन, आणि त्या दोन संडासांना मिळून दार एक. बिनदाराच्या संडासात जाणारा पोरगा मोठ्याने गाणं म्हणत बसायचा, म्हणजे आत कोणी आहे हे कळावं. या वर्षी नगरपालिकेने सहा नवे संडास मंजूर केले होते. विटांचा ढीग अंगणात येऊन पडला होता. दुसरा कोणी हेडमास्तर असता तर त्याने गवंड्याच्या मागे लकडा लावला असता. आमचे सर इतिहासाच्या मागे लागले.

"शाळेचा इतिहास नव्याने लिहायला हवा," त्यांनी हुस्तामावशींना सांगितलं. हुस्तामावशी चाळीस वर्षं शाळेच्या शिपाईण होत्या आणि त्यांना कशाचंच कौतुक नव्हतं.

"जुन्याला काय झालं?"

"कमी पडतोय."

"मग पाणी घाला थोडं," मावशी म्हणाल्या आणि झाडू मारत पुढे गेल्या.

सरांनी पाणी नाही, चिचा घातली. मक्याच्या त्या दारूचा एक मडकंभर ऐवज घेऊन ते निकानोरआजोबांकडे गेले. आजोबा चौऱ्याण्णव वर्षांचे. गावात त्यांच्याहून म्हातारं काही असेल तर ते चर्चची घंटा, आणि ती बोलत नाही.

"आजोबा, तुमचे आजोबा आमच्याच शाळेत होते ना?"

"माझे आजोबा? ते बकऱ्या राखायचे."

सरांनी भांडं पुन्हा भरलं. "बकऱ्या कुठे राखायचे? शाळेच्या दारातल्या मोयेच्या झाडाखालीच ना?"

"सावली तिथंच होती बाबा. मग दुसरीकडे कशाला मरतील?"

"आणि त्या झाडाखाली एखादे पाद्री येऊन बसत असतील. चार अक्षरं शिकवत असतील."

तिसऱ्या भांड्याला पाद्री आले. चौथ्याला ते शिकवू लागले. पाचव्याला साल ठरलं, १८८९.

"पण तुमच्या आजोबांना सही यायची का हो?" सरांना जरा शंका आली.

"कसली येतेय! अंगठा उठवायचे. म्हणून तर शाळेत घातलं असेल ना त्यांना!"

या बिनतोड पुराव्यावर नोटरीने तीन शिक्के मारले. तुतुरमायूत सख्ख्या भावाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण शिक्क्यापुढे भलेभले टोपी काढतात. नगरपालिकेच्या बैठकीत सरांनी तो कागद वाचला. झाडाखाली बसलेली सात मुलं, पाद्रींचा फाटका झगा, ज्ञानाची तहान. वाचता वाचता सरांनी स्वतःच रुमाल काढून डोळे पुसले. आपणच मारलेल्या थापेने रडू येणं ही काही ऐऱ्यागैऱ्याला जमणारी गोष्ट नाही. ठराव झाला: यंदापासून मोये पुढे, सांता रीता मागे.

सांता रीताच्या हेडमास्तरीणबाई सुल्मा आर्नेस त्या बैठकीत हजर होत्या. सगळ्यांना वाटलं, ही बाई आता १८८०चा कागद काढणार. त्यांनी काहीच काढलं नाही. बाहेर पडताना एवढंच विचारलं, "सर, इतकं जुनं झालं की नवं काही करता येतं का हो?"

"जळतेय," सर मनात म्हणाले आणि खूश झाले.

पंधरा दिवसांनी शहरातून संस्कृती खात्याच्या ओरेयानाबाई मोजपट्टी घेऊन हजर झाल्या. जिल्ह्यातली सर्वांत जुनी शाळा सापडल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी भिंतींना हात लावून पाहिला, डोळे मिटले आणि मोये शाळा संरक्षित वारसा म्हणून जाहीर करून टाकली. सर तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. पितळी पाटी लागली, भाषण झालं, फोटो निघाले.

सोमवारी गवंडी कुदळ घेऊन आला, तशा ओरेयानाबाई किंचाळल्या, "थांब! इथली एक वीटही हलणार नाही!"

"अहो, पण हे संडास आहेत," सर म्हणाले.

"मूळ वास्तूचा भाग आहेत ते."

"बाई," हुस्तामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ते मी आणि माझ्या नवऱ्याने बांधलेत. त्र्याऐंशी साली. एक दार कमी पडलं, कारण त्याला प्यायला पैसे हवे होते."

ओरेयानाबाईंनी वहीत लिहून घेतलं: 'परंपरागत लोकबांधणी, कुटुंबाकडून जतन.'

आता कुठे सरांच्या डोक्यात उजेड पडला. पाटी काढावी तर संडास मिळतील, पण पुढचा मान जाईल. दोन रात्री ते तळमळले, आणि हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे की तिसऱ्या दिवशी ते शहराची बस पकडून ओरेयानाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. बिनदाराच्या संडासात बसून चौथीतली एक पोर गाणं म्हणत होती आणि म्हणता म्हणता रडत होती, ते त्यांनी त्या सकाळी ऐकलं होतं.

"बाई, ते सगळं खोटं आहे. मी रचलंय."

"सगळे खरे इतिहासकार असेच नम्र असतात."

"अहो, शपथेवर सांगतो! पाद्री नाहीत, झगा नाही, काही नाही!"

"सर, १८८९च्या बाजूने माझ्याकडे तीन शिक्के आहेत. तुमच्या या म्हणण्यावर किती आहेत?"

एकही नव्हता. साक्षीदाराने साक्ष मागे घेतली तर विचार करू, असं बाई म्हणाल्या. सर धावत निकानोरआजोबांकडे आले. आजोबा दारात खुर्ची टाकून रेडिओवाल्यांना मुलाखत देत होते. त्यांना आता पाद्रींच्या खेचराचं नावही आठवलं होतं.

"साक्ष मागे घेऊ?" आजोबा खवळले. "चौऱ्याण्णव वर्षांत पहिल्यांदा लोक माझं ऐकतायत! आणि तू कोण रे माझ्या आजोबांना अडाणी ठरवणारा?"

मंजूर झालेलं काम जूनअखेर झालं नाही तर निधी परत जाणार होता. तो परत गेला नाही. सुल्माबाईंनी अर्ज केला होता की सांता रीताची आताची इमारत १९७८ची आहे, तिला कसलाही इतिहास नाही, तरी संडास आमच्याकडे बांधावेत. स्वतःच्या शाळेचं वय सत्तेचाळीस वर्षांनी कमी करणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली. मोयेच्या अंगणातल्या विटा हातगाड्यांवरून चौक ओलांडून गेल्या. "तुमचा इतिहास चाललाय बघा," हुस्तामावशी म्हणाल्या.

सहा ऑगस्ट उजाडला, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. सर्वांत जुन्या शाळेने सर्वांत आधी उभं राहायचं, म्हणून मोयेची मुलं पहाटे सहापासून चौकात कुडकुडत होती. आयांना दया आली. त्यांनी जांभळ्या मक्याची गरमागरम आपी पातेली भरभरून आणली आणि पोरांना दोन दोन पेले पाजले. सरांनी तीन घेतले. नगराध्यक्ष साडेनऊला येणार होते, ते साडेदहाला आले.

दहा वाजताच पहिलीतला एक जण म्हणाला, "सर, मला जायचंय." मग दुसरा. मग अख्खी पहिली. शाळेतले संडास पाहुण्यांना दाखवायला म्हणून ओरेयानाबाईंनी आदल्याच दिवशी भोवती दोरी बांधून बंद केले होते. सव्वादहाला रांगेची शिस्त मोडली आणि दोनशे चाळीस मुलं चौक ओलांडून सांता रीताकडे पळाली. झेंडा धरणारा झेंडा सरांच्या हातात देऊन गेला.

सर झेंडा घेऊन त्यांच्यामागे धावले. सांता रीताच्या अंगणात सहा नव्या कोऱ्या दारांपुढे सहा रांगा लागल्या होत्या आणि सुल्माबाई आपल्या मुलांना बाजूला सारत होत्या. "सरका रे, सरका! वडीलधारी शाळा आहे. पहिला मान त्यांचा."

"बाई, लवकर करा हो, संचलन सुरू होतंय!" सर म्हणाले. पण ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

सुल्माबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हात पुढे करून झेंडा घेतला आणि शिक्षकांसाठी राखलेलं दार उघडून धरलं.

"या सर. संकोच करू नका."

आत स्वच्छ पांढऱ्या फरशा होत्या, नळाला पाणी होतं आणि दाराला कडी होती. सरांनी ती लावली. तेवढ्यात चौकातला कर्णा कडाडला, "येत आहे जिल्ह्यातली सर्वांत जुनी शाळा!" बँड वाजला. सर जागचे हलू शकत नव्हते. निवेदक झाडाखालच्या सात मुलांबद्दल, पाद्रींच्या झग्याबद्दल, ज्ञानाच्या तहानेबद्दल वाचत गेला, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत सगळा गाव टाळ्या वाजवत राहिला. नगराध्यक्ष उभे राहिल्याचंही निवेदकाने सांगितलं.

दारावर टकटक झाली. "सर," बाहेरून सुल्माबाई हळूच म्हणाल्या, "आमची मुलं निघाली हो पुढे. तुमचं सावकाश होऊ द्या."