दोनशे टक्के हजर

बदली घेऊन तिसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला कॉलेजात कुणी नावाने हाक मारत नसे. ती 'बदलीवाली' होती. तिच्या जुन्या कॉलेजात पर्यावरण हा विषय अठ्ठेचाळीस तास शिकवत, इथे पन्नास. हे दोन तासांचे अज्ञान दूर झाल्याशिवाय तिला शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हते, आणि परीक्षा हुकली की वर्ष गेले.

"मग शेवटचे दोन तास बसते ना!"

"ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांवर आधारित आहेत," हेडक्लार्क म्हणाले. चष्मा त्यांनी कपाळावर चढवला होता. म्हणजे ती त्यांना दिसत नव्हती, आणि त्याने कामकाजात काही अडतही नव्हते. "पहिल्या वर्षाच्या वर्गात बसा. रोज दहा वाजता."

"दहाला माझं संख्याशास्त्र असतं. तिथेही पंचाहत्तर टक्के हजेरी लागते."

"तुमच्यासारख्यांसाठीच संतुलन कक्ष काढलाय. धावपळीत समतोल कसा साधायचा, ते शिकवतात. सक्तीचं आहे."

"कधी असतं?"

"दहाला."

संतुलन कक्षात तिला एक वही मिळाली. झोप, अभ्यास, छंद आणि हास्य यांचे रकाने त्यात होते. हास्य मिनिटांत नोंदवायचे होते.

"तू स्वतःसाठी वेळच काढत नाहीस," समुपदेशक बाई म्हणाल्या.

"इथे येते ना, म्हणून."

"बघ, ही चिडचिड. आणखी चार सत्रं लिहून देते."

शेवटी तिनेच डोके चालवले. दोन्ही वर्ग समोरासमोर होते. मधल्या पॅसेजमध्ये तिने बाक टाकला. उजव्या कानाने पर्यावरण, डाव्या कानाने संख्याशास्त्र; हजेरीला दोन्हीकडे तोंड करून "हजर!" जंगलतोडीचे प्रमाणित विचलन तिला तोंडपाठ झाले. समुपदेशक बाईंनी लांबूनच हे दृश्य पाहिले आणि समतोलाला 'उत्कृष्ट' शेरा देऊन टाकला.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी तिला कार्यालयात बोलावणे आले.

"दहा वाजताच्या तासाला तुमची हजेरी दोनशे टक्के दिसतेय," हेडक्लार्क हादरले होते. "कमी भरली तर अर्ज आहे. जास्त भरली तर अर्जच नाही!"

प्रकरण प्राचार्यांकडे गेले. त्यांनी दोन्ही हजेरीपट शेजारीशेजारी ठेवले. "एक विद्यार्थी शंभर टक्क्यांपेक्षा जास्त हजर असूच शकत नाही. अर्थात, विद्यार्थिनी दोन आहेत."

"सर, मी एकटीच आहे हो!"

"या वयात सगळ्यांनाच तसं वाटतं," प्राचार्य मायेने म्हणाले.

दुसऱ्या विद्यार्थिनीला वेगळा परीक्षा क्रमांक मिळाला. फक्त तिचा बदलीचा दाखला नव्हता. बदलीवालीने जुन्या कॉलेजला फोन लावला. "तुमच्यापैकी एकीलाच आम्ही सोडलंय," तिकडून उत्तर आले. "दुसरी अजून आमच्याकडेच आहे. फार दांड्या मारते, जरा समजावा तिला."

घरी मावशीने सगळे ऐकून घेतले. "ते जाऊ दे गं. डबा एकच देऊ की दोन?"

परीक्षेला शेजारीशेजारी दोन बाक होते. क्रमांक दोन, पेपर एकच, वेळ दहाची. ती एका बाकावर बसली आणि जीव ओतून पेपर लिहिला. शेजारच्या बाकापुढे पर्यवेक्षकांनी 'गैरहजर' असे वळणदार अक्षरात लिहिले.

निकाल लागला. पेपर लिहिलेली मुलगी चौकशीसाठी राखून ठेवण्यात आली. तिच्या फायलीत अर्ज, तक्रारी आणि खिडकीवर घातलेले वाद भरपूर होते. न आलेल्या मुलीची फाइल मात्र स्वच्छ होती. हजेरी पूर्ण, कुरकुर शून्य. दाखला नंतर जमा करण्याच्या अटीवर सरासरी गुण देऊन तिला पहिल्या वर्गात उत्तीर्ण करण्यात आले. बदलीवालीचे वर्ष गेले.

वाचकांनी हळहळू नये. तुम्ही आत्ता हे जिथे बसून वाचताय, तुमची हजेरी तिथेच लागली आहे ना? की दुसरीकडे कुठल्या तरी खुर्चीवर? तसे असेल, तर यंदाची बढती त्या खुर्चीतल्या माणसाची पक्की आहे. त्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नाही. तुमचं तेवढं बघा.