नळ खरंच गळत होता

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग मागे हटणं माझ्या रक्तातच नाही. बायको याला वेगळं नाव देते, पण ते छापण्यासारखं नाही.

तर आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "गुरुवारी बघू." मी फोन ठेवला, बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, "नळ मी दुरुस्त करणार! आणि नुसता दुरुस्त नाही, त्याचा व्हिडिओही करणार. चार लोक शिकतील तरी!"

"आधी तुम्ही तरी शिका," बायको म्हणाली. पण मोबाईल धरून उभी राहिली. तमाशा बघायला मिळणार असेल तर ती कधी नाही म्हणत नाही.

"नमस्कार मंडळी!" मी कॅमेऱ्यात बघून सुरुवात केली. "नळ दुरुस्त करणं म्हणजे अगदी हातचा मळ!" आणि पाना लावून एक झकास पीळ दिला.

आता, नळ उघडण्याआधी ओट्याखालचा व्हॉल्व बंद करायचा असतो, हे मला माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवत नव्हतं. नळाचं डोकं बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं, छताला आपटलं आणि डाळीच्या डब्यात जाऊन पडलं. मागोमाग पाण्याचा लोट थेट माझ्या चष्म्यावर!

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मी बोलत राहिलो. "इथे थोडंसं पाणी येण्याची शक्यता असते," मी शांतपणे म्हणालो आणि भोकावर पंजा दाबला. एका धारेच्या पाच धारा झाल्या! मग मी हाताला लागला तो बटाटा त्यात कोंबला. बटाटा उडाला आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन खाली आला.

"अहो, व्हॉल्व! व्हॉल्व!" बायको किंचाळत होती.

"त्याकडे आपण नंतर वळू," मी प्रेक्षकांना सांगितलं.

शेवटी तीच वाकली आणि तिनेच तो बंद केला. मी नवं वॉशर घालून, सगळी ताकद लावून नळ पुन्हा आवळला. आधी तो थेंबथेंब गळायचा. आता व्हॉल्व बंद असूनही बारीक धार लागली. वर व्हॉल्वही ओट्याखाली मुळापासून पाझरायला लागला.

बायकोने तो व्हिडिओ तिच्या भावाला पाठवला. हेतू हा की त्याच्या ओळखीत कोणी प्लंबर असेल. इथेच घात झाला! हा माझा मेव्हणा कॉलेजात माध्यमं आणि संस्कृती असं काहीतरी शिकवतो. त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट उत्तर-आधुनिक असते, म्हणजे तिच्यात खरं काय नि सोंग काय, कळतच नाही. जाहिराती, बातम्या, आमचा सोफा, सगळं. एकदा दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून आला होता. तेसुद्धा उत्तर-आधुनिकच निघाले.

त्याने प्लंबर शोधला नाही. त्याने व्हिडिओला 'तज्ज्ञाचा अंत' असं नाव दिलं आणि सगळ्या जगासाठी टाकून दिला!

सकाळी उठलो तर मोबाईल टेबलावर थरथरत होता. लोक हसले असते तर मी सहन केलं असतं. पण लोक कौतुक करत होते! "काय अभिनय!" "टीव्हीवरच्या शिकवणाऱ्यांची पार पिसं काढली!" "बटाट्याचं टायमिंग बघा!" एकाने तर विचारलं होतं, लेखक कोण?

मी मेव्हण्याला फोन लावला. "अरे, सांग ना लोकांना! तो नळ खरा होता, पाणी खरं होतं, मी खरा आहे!"

"भावोजी, खरं वगैरे आता काही उरलेलं नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "लोक दिवसभर खऱ्याची सोंगं बघतात. म्हणून खरोखरचा माणूस दिसला की त्यांना ते सगळ्यात भारी सोंग वाटतं."

"मग मी करू काय?"

"काहीच करू नका. तुम्ही नेहमी करता तसंच."

पण मी ऐकणारा नाही! सत्य सिद्ध केल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं. इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि दुसरा व्हिडिओ केला. "मी शपथेवर सांगतो की यात कसलाही विनोद नव्हता. मला नळ दुरुस्त करता येत नाही." मागे बादलीत धारेचा आवाज चालू होता.

हा व्हिडिओ पहिल्याच्या दुप्पट चालला. "भूमिकेतून बाहेरच येत नाही पठ्ठ्या! आणि मागचा पाण्याचा आवाज म्हणजे कळस!"

गुरुवारी मी साहेबांकडे गेलो. आमचं ऑफिस विम्याचं. कोणाच्या घरात पाणी खरंच शिरलं आणि कोण थापा मारतंय, हे शोधणं माझंच काम. "साहेब, अर्ध्या दिवसाची रजा हवी. प्लंबर येणार आहे."

साहेब टेबलावर डोकं ठेवून हसले. मग डोळे पुसत त्यांनी सगळ्या ऑफिसला आत बोलावलं. "पुन्हा म्हणा! अगदी तसाच चेहरा करून म्हणा!"

"साहेब, हा माझा चेहराच आहे!"

टाळ्या पडल्या. रजा मिळाली, पण ती बक्षीस म्हणून.

घरी प्लंबर आला तो नवा शर्ट घालून, अत्तर लावून. "कॅमेरा कुठे ठेवलाय?"

"कॅमेरा नाही. नळ गळतोय."

त्याने मला डोळा मारला. "कळलं. मीपण असंच गंभीर बोलायचं ना?"

"अहो, गळतोय हो खरंच!" बायको म्हणाली.

"ताई, तुम्हीच का त्या बायकोचं काम केलेल्या? हुबेहूब बायको वाटता!"

"लग्नापासून सराव करतेय," बायको दात आवळून म्हणाली.

त्याने नळाला हळूच हात लावला, नळाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि पाना पिशवीतच ठेवला. "नाही साहेब. हा नळ मी दुरुस्त केला तर लोक मला शिव्या घालतील." आणि गेला!

मी जिन्यापर्यंत त्याच्यामागे धावलो. तो गेला, पण खालच्या मजल्यावरच्या बाई वर येत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हातात उघडी छत्री होती. बाहेर लख्ख ऊन!

"तुमच्याकडे काय चाललंय? माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी पडतंय!"

"बाई, ते... ते खरं पाणी आहे," मी चाचरत म्हणालो. सवयच लागली होती.

"मग खोटं कुठलं असतं?"

या बाईंनी व्हिडिओ बघितलाच नव्हता! मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाना, चष्मा, बटाटा, काही लपवलं नाही. आता हसतील, आता टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"म्हणजे येत नसताना हात घातलात?"

"हो, बाई."

"आणि वर लोकांना शिकवायला निघालात?"

"हो, बाई."

"शुद्ध मूर्ख आहात!"

काय सांगू तुम्हाला! माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस! "बाई," मी गहिवरून म्हणालो, "पुन्हा एकदा म्हणाल?"

बाई पुन्हा म्हणाल्या. शिवाय भर घालून म्हणाल्या. मग त्यांनी इमारतीची टाकी बंद करवली आणि आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तोही प्लंबर. तो धावतच आला, बाईंकडे घाबरून बघत त्याने व्हॉल्व बदलला, नळ बसवला आणि पळाला. नळ बंद झाला! टिपूससुद्धा नाही! बायको तर नळासमोर हात जोडून उभी राहिली.

पण खालच्या छतात मुरलेलं पाणी ठिबकतच होतं. बाईंनी मला आपल्या स्वयंपाकघरात नेऊन स्टुलावर चढवलं आणि खाली शिंतोडे नकोत म्हणून छताशी धरायला हातात बादली दिली. एवढ्यात कुणकुण लागून मेव्हणा मोबाईल सरसावत आत शिरला.

"भावोजी, हलू नका! वा! वर फुगलेलं छत, खाली सामान्य माणूस..."

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"मेव्हणा. प्रोफेसर आहे."

"हात रिकामे दिसतायत." बाईंनी त्याचा मोबाईल काढून कपाटात ठेवला आणि दुसरी बादली पुढे केली. "तिकडच्या कोपऱ्यात पण ठिबकतंय."

"मॅडम, खरं म्हणजे या बादलीकडे आपण एक रूपक म्हणून..."

"दोन्ही हातांनी धर!"

तो स्टुलावर चढला. आम्ही दोघं समोरासमोर, हात वर करून उभे. त्याच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पण रूपकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. त्याच्या नोकरीतला हा विक्रमच असावा.

मग त्याने दबक्या आवाजात विचारलं, "भावोजी, किती वेळ उभं राहायचं?"

"बाईंना विचार," मी म्हणालो.

त्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर, माझीही हिंमत झाली नाही.