गाडीचा खांदा

पोळ्याच्या दिवशी पहाटे मी मोटारीतून फक्त एक चक्कर मारून यायचं ठरवलं. बडनेऱ्याच्या रस्त्यानं दोन मैल जायचं, दोन मैल यायचं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली जांभई पुरी व्हायच्या आत मोटार जागेवर. यात चुकण्यासारखं काय होतं? (हा प्रश्न मी पुढं बरेच दिवस लोकांना विचारत होते. उत्तर देणारे इतके निघाले की शेवटी विचारणंच सोडलं.)

आधी माझी घाई सांगते. मी जयवंता, नागपूर विद्यापीठाची बी.ए. अमरावतीच्या बाहेर आमचा संत्र्यांचा आणि भाजीपाल्याचा मळा. पोळा रविवारी होता आणि त्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी साडेदहाला मला परतवाड्याच्या मुलींच्या शाळेत असिस्टंट मिस्ट्रेस म्हणून हजर व्हायचं होतं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की वेळेवर हजर न झाल्यास जागा दुसऱ्या उमेदवारास देण्यात येईल. दुसरी उमेदवार म्हणजे शाळेच्या सेक्रेटरींची पुतणी, हे सगळ्या परतवाड्याला ठाऊक होतं.

बाबांनी नोकरीला हो म्हटलं, पण एका अटीवर. सोमवारी जायचं, शनिवारी घरी यायचं, आणि तेही घरच्या मोटारीनं.

"सर्विस मोटारीत बकऱ्या, कोंबड्या अन् बिड्या फुकणारे मानसं," बाबा म्हणाले. "त्यात माही पोरगी बसनार नाई."

मोटार घरात होती. एका रिटायर झालेल्या इंजिनिअर साहेबाकडून बाबांनी ती घेतली होती. चालवायला मी तीन आठवड्यांपूर्वी शिकले होते आणि हात बसायला रोज सराव हवा होता. मोटार आहे तर नोकरी आहे, इतकं सरळ गणित. या गणितात पोळा तेवढा बसत नव्हता.

"पोळ्याले जनावर जुपत नाईत," बाबांनी आदल्या संध्याकाळी बजावलं.

"बाबा, मोटार जनावर नाही."

"वर्सभर राबते ना? मंग एक दिवस बसू दे तिले."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले होते, पण त्या पुस्तकात आमचे बाबा नव्हते. मी मान हलवली आणि पहाटे पाच वाजता मोटार बाहेर काढली.

पहिला मैल झकास गेला. दुसऱ्या मैलावर, नाल्याच्या उतारावर, समोर बैलच बैल. पोळ्याच्या आंघोळीला निघालेले. सगळ्यांत पुढं आमचीच जोडी आणि तिच्यामागं आमचा गडी सहदेव. मी शांतपणे ब्रेकवर पाय दाबला. पाय सटकला. पुन्हा दाबला, पुन्हा सटकला. जणू पेडलवर मासोळी बसली होती. बैल वाचवायला मी चाक फिरवलं, तर चाकावरून हातही सटकले. मोटार कडुनिंबावर आदळली, तिथून वळली, आणि नाल्यात जाऊन पाठीवर पडली. मी त्याआधीच उडून शेजारच्या वांग्याच्या वाफ्यात पडले होते. (वांग्याच्या झाडाला काटे असतात, हे शहरातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं. मी घेतलं आहे.)

चारी चाकं आभाळाकडं आणि हॉर्न आपोआप वाजत होता. सहदेवानं ओढून बाजूला घेतलेले बैल शांतपणे उभे राहून बघत होते.

हॉर्न ऐकून बाबा घरून धोतर सावरत पळत आले. "लागलं काय?"

"नाही."

"हातपाय हालवून दाखव."

मी दाखवले. मग त्यांनी नाल्यात पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि एवढंच म्हणाले, "पोळा होता आज."

पार्बताबाई आत्या मात्र एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. "बी.ए. होता होता डोळे गेले, आता मोटार गेली. एम.ए. नको करू माय, घर जाईन."

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून मिस्त्री आला. तो नाल्यात उतरला, अर्धा तास ठोकठाक करून वर आला आणि हात पुसत म्हणाला, "बाई, यातला हॉर्न तेवढा जिवंत आहे."

मी रडले नाही. संतापले. कारण चूक माझी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त पुरावा नव्हता. तो संध्याकाळी सापडला. माझ्या उजव्या चपलेचा तळ पिवळाधमक होता. वास घेतला. तूप आणि हळद!

मी चप्पल घेऊन तशीच गोठ्यात गेले. "सहदेव, मोटारीच्या ब्रेकला काय लावलं होतंस?"

"खांद शेकली, ताई."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' इथवर ठीक आहे. मोटारीला खांदा कुठून आला?

"मी लय इचार केला," सहदेव म्हणाला. "बैलाचा खांदा म्हंजे काय? जिथी भार पडते थो. मोटारीत तुमचा भार कुठी पडते? हातानं चाकावर अन् पायानं त्या दांडीवर. थेच बिचारी वर्सभर लाता खाऊन राहिली ना! तिले जरा जास्त लावलं."

"आणि कानात सांगितलंस?"

"हाव. इंजिनावरचा टप उघडून सांगतलं."

मी त्याला तसाच बाबांसमोर उभा केला. "ऐका! ब्रेकला तूप! आता सांगा चूक कोणाची?"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "सहदेव, थे तूप कवा काढनार होता?"

"सकाळी. बैल धुवून आणले का मोटारच धुनार होतो. ताईनं थांबलं पायजे होतं."

"हं," बाबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पोळ्याले जुपत नाईत, हे काहून सांगतात, समजलं काय आता?"

मी दणदण पाय आपटत निघून गेले. (वांग्याचे काटे अजून निघाले नव्हते, त्यामुळं तेही नीट जमलं नाही.)

सोमवार गेला, मंगळवार गेला. नवी मोटार घ्यायची हे ठरलं होतं, पण आमच्या घरात ठरणं आणि होणं यांच्यामध्ये मोठं रान आहे. विहिरीवर पंप बसवायचं माझ्या जन्माच्या वर्षी ठरलं आणि तो मी मॅट्रिक झाले तेव्हा बसला. मी रोज सकाळी परतवाड्याचं पत्र बाबांच्या चहाच्या कपाखाली ठेवत असे. चौथ्या दिवशी त्यावर चार गोल डाग झाले होते.

शुक्रवारी कळलं की अकोल्याचे कापसाचे दलाल केशवराव दोन जुन्या मोटारी काढणार आहेत. शनिवारी आम्ही बडनेऱ्याहून आगगाडीनं निघालो. मी, बाबा आणि नत्थुजी. नत्थुजी आमचे शेजारचे बागाईतदार. वीस वर्षांत बाबांनी त्यांच्या नजरेखालून घातल्याशिवाय एक बैल घेतला नव्हता.

"पण त्यांना मोटारीतलं काय कळतं?" मी बाबांना विचारलं.

"खोड कळते," बाबा म्हणाले.

केशवरावांच्या अंगणात सपाटीवर एक काळी, चौकोनी, पेटीसारखी मोटार उभी होती. आणि फाटकाजवळच्या उतारावर उभी होती हिरवी. तिला पाहून मी आठवड्यात पहिल्यांदा हसले. उघडी, लांब, चकचकीत पितळी दिव्यांची. तिच्यातून मी शाळेच्या फाटकात शिरतेय आणि सेक्रेटरींची पुतणी खिडकीतून पाहतेय, हे चित्र मला लख्ख दिसलं.

नत्थुजींनी काळीला प्रदक्षिणा घातली. मागं जाताना ते चार हात लांबून गेले, लाथेच्या टप्प्याबाहेरून. दिव्यांसमोर बोट हलवलं. टप उघडायला लावून आत डोकावले, दातच पाहायचे बाकी होते. मग हिरवीपाशी आले आणि थांबले.

"हिले उतारावर काहून उभी केली?"

"जागा कमी पडते," केशवराव म्हणाले. त्यांच्या माणसानं आत बसून ब्रेक सोडला. हिरवी दहा हात घरंगळली आणि गुरगुरत सुरू झाली. काय आवाज होता! मी टाळ्या वाजवल्या.

"उतारावर दाखवलेलं जनावर घेऊ नये," नत्थुजी बाबांच्या कानाशी म्हणाले, पण त्यांची कुजबुज फाटकापर्यंत जाते. "अन् घ्याचंच असन तर रातभर बांधून ठेवा. सकाळी आपल्या पायानं उठते काय, पाहा. मंग बोला."

"सकाळी?" मी उसळले. "सोमवारी मला परतवाड्याला पोचायचंय!"

"उद्या तं इतवार आहे, पोरी. उद्या सकाळी पाहून निंगालो तरी सांजीले घरी," नत्थुजी म्हणाले.

हे खरं होतं. पण वडीलधाऱ्यांच्या 'उद्या'चा मला बावीस वर्षांचा अनुभव होता. "बाबा, हे बैल नाहीत. ही यंत्रं आहेत. यंत्राला खोड नसते, झोप नसते आणि पोळा तर मुळीच नसतो. मला ही हिरवी हवी. आत्ता!"

बाबांनी काळीकडं पाहिलं, मग नत्थुजींकडं, मग माझ्याकडं. "जिले हाकायची, तिनं निवडावी," ते म्हणाले.

नत्थुजींनी नाइलाजानं खांद्यावरचं उपरणं काढून केशवरावांच्या हातावर टाकलं. बैलबाजारात सौदा असाच होतो. उपरण्याखाली बोटं धरायची, तोंडानं बोलायचं नाही. मी उपरणं ओढून घेतलं आणि सरळ किंमत विचारली. केशवरावांनी सांगितली, मी हो म्हटलं. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. (नत्थुजींचा हात बराच वेळ तसाच हवेत राहिला होता.)

संध्याकाळी आम्ही हिरवीतून दिमाखात घरी आलो. वाटेत ती एकदाही थांबली नाही, कारण मी एकदाही थांबू दिली नाही.

रविवारी तिला हात लावायला कोणी सांगितलंच नाही. सोमवारी सहाला मी तयार झाले. सोबतीला सहदेव. मी बटण दाबलं, हँडल फिरवलं, पुन्हा बटण दाबलं. हिरवी ढिम्म. मळ्यातली पाच माणसं मागून ढकलायला लागली तेव्हा कुठं ती खोकली आणि चालू लागली. बाबा दारात उभे होते. ते वळून आत गेले, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

वलगाव ओलांडलं. आसेगाव आलं, आणि रस्त्यावर बकऱ्या आल्या. ब्रेक दाबला. (या मोटारीचा ब्रेक उत्तम होता. ती थांबण्यात पटाईत होती.) मोटार बंद. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी, मध्ये तव्यासारखा सपाट रस्ता, माणूस नाही.

"ढकल, सहदेव."

"माही कंबर, ताई." त्यानं कमरेला हात लावून दाखवला. पोळ्याच्या दिवशी बैल आवरताना ती लचकली होती, म्हणजे माझ्यामुळंच. तो चाक धरून आत बसला आणि मी पदर खोचून मागं खांदा लावला.

पन्नास पावलांवर हिरवी सुरू झाली आणि सहदेवाला घेऊन निघाली. सहदेव दोन्ही हातांनी चाक छातीकडं ओढत ओरडत होता, "हो! हो रे! थांब माय!" मी मागून धावत होते. शेवटी त्याला ती दांडी आठवली, त्यानं दणकून पाय दिला आणि मोटार थांबली. बंद पडून.

पुन्हा खांदा.

तिसऱ्यांदा ढकलत होते तेव्हा मागून एक काळी, चौकोनी मोटार आली. आत वांग्या-कोबीच्या टोपल्या आणि टोपल्यांमध्ये नत्थुजी. रविवारी अकोल्याला परत जाऊन काळी त्यांनीच घेतली होती, ड्रायव्हरही ठेवला होता.

"पोरी, बसून घे. पोचवून देतो."

घड्याळात साडेनऊ वाजले होते. वाचकहो, कोणीही शहाणी मुलगी बसली असती. "आभारी आहे," मी म्हटलं. "आमची आता सुरूच होतेय."

झालीही. परतवाड्यात शिरलीही. शाळेचं फाटक दिसलं, आणि फाटकासमोरच्या छोट्या चढावर तिनं प्राण सोडला. दहा वाजून पंचवीस मिनिटं. मुली प्रार्थनेला रांगेत उभ्या. मी उतरले, खांदा लावला आणि शेवटची साठ पावलं हिरवी वर चढवली. आत सहदेव ऐटीत बसून खच्चून ओरडत होता, "हां माही रानी! लाव खांदा! शाब्बास!"

फाटकात सेक्रेटरी महादेवराव हातात घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी आधी सहदेवाला नमस्कार केला. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "काय गं बाई, नव्या मिस्ट्रेस मागून येत आहेत काय?"

"मीच," मी धापा टाकत म्हटलं. "वेळ?"

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, कडवट तोंड केलं. "दोन मिनिटं बाकी आहेत."

हजेरीपटावर मी सही केली. सहीशेजारी काळ्या तेलाचा माझा अंगठा स्वच्छ उमटला. (बी.ए. होऊन अंगठा देणारी वऱ्हाडात मी एकटीच असेन.) पण जागा मिळाली, आणि अजून टिकून आहे.

हिरवीही टिकून आहे. वर्षभर दर सोमवारी, दर शनिवारी. मोटार बदलूया का, असं बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, हिच्यात काहीच वाईट नाही.

यंदाच्या पोळ्याला मी घरी होते. आदल्या संध्याकाळी गोठ्याजवळ पुस्तक वाचत बसले होते. सहदेव तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं घेऊन आला. त्यानं बैलांची खांद शेकली, कानात आवतण दिलं. मग मोटारीकडं वळला. मी पुस्तक मिटून जागच्या जागी सावध झाले.

सहदेवानं हिरवीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढं निघून गेला.

"हिला नाही?" मी विचारलं.

"हिनं काय ओढलं वर्सभर?" असं म्हणून तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मागं ओसरीवर बाबा, आत्या आणि नत्थुजी चहाचे कप हातात धरून बघत होते.

सहदेवानं पान तुपात बुडवलं.

"ताई, खांदा पुढं करा. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."