न संपणारा मोजा

सौंसरच्या आमच्या शाळेत सुमन मॅडमच्या तासाला सहावी-सातवीच्या पोरी दोन वर्षांपासून एकच मोजा विणून राहिल्या आहेत. तो पुरा होणार नाही, कारण तो विणायचा नसतोच. मॅडम आमच्या समुपदेशक. मुलींना पाळीबद्दल समजावणं हे त्यांचं काम, पण फळ्यावर लिहितात 'हस्तकला'. दाराची कडी तीनदा तपासतात, मग कुजबुजतात. बाहेर चप्पल वाजली की सगळ्या सुया एकदम चालू.

"हळू बोल वो," हे त्यांचं पालुपद. "भिंतीले कान असतात, आन खिडकीले सासू."

मी तिथंच शिकवते; घरातली पहिली बीए, तोंडाची फटकळ. एकदा विचारलं, "मॅडम, एवढं काऊन भेता?"

"तू भेत नाही, कारण तू अजून कोणत्या पोरीच्या बापाले भेटली नाही."

यंदा संत्र्याला आंबिया बहार फुटला होता तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर सातवीतली पायल दिसेना. बाकावर लाल डाग होता. "रडत घरी गेली," तिची मैत्रीण म्हणाली. घरी फोन लावला, तर आई म्हणाली, "आली नाही."

मी आणि मॅडम पायलच्या वाटेनं धावलो. वाटेत दोन विहिरी. पहिलीत मी वाकून पाहिलं. दुसरीच्या पाण्यावर काही तरंगत होतं. पाहिलं तर पळसाचं पान. त्या घडीला माझी डिगरी काही कामाची नव्हती.

"विहिरी सोड," मॅडम म्हणाल्या. "तिचं घर कुठी आहे?"

"संत्र्याच्या बगीच्यात. मधोमध."

"मंग ती धुऱ्यावर असंन."

आमच्याकडे म्हणतात, बाहेर बसलेली बाई बहारातल्या संत्र्यात शिरली की फूल गळतं. पायल खरंच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती, दप्तर पोटाशी धरून. घर समोर दिसत होतं. वाट मात्र झाडांमधून.

"मॅडम, माह्यानं बहार गळंन. बाबा मारंन."

बाबा आलाच, हातात फोक घेऊन. "तिथीच थांब. पाच दिवस आत्याकडं राह्य. वर्षाचं पीक आहे."

मॅडम पुढं झाल्या. त्यांनी पायलचा हात धरला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या, "भाऊ, मीबी आज बाहेर बसली आहे. आमी दोघी आतून जाऊन राहिलो. फूल गळलं तं माह्या नावानं शिव्या द्या, हिच्या नाही."

आणि झाडाझाडाला हात लावत चालू लागल्या. परक्या बाईच्या तोंडून असलं ऐकून बाप कानापर्यंत लाल झाला. खाली मान घालून बाजूला सरला.

मी मागून चालले. दोन वर्षांपूर्वी नागपूरला मॅडमची गर्भपिशवी काढली, तेव्हा दवाखान्यात डबा मीच नेत होते.

परतताना विचारलं, "ती धुऱ्यावर असंन, हे कसं समजलं?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी मागं वळून पाहिलं.

"आमचंबी घर बगीच्यातच होतं. तेरा वर्षांची होती मी. अशीच बसली धुऱ्यावर."

"न्यायला कोण आलं?"

"कोणी नाही. अंधार पडला, झाडं दिसेनाशी झाली. मंग गेली."