तोलाजी कोल्हा समुद्राला गुण देतो

बाळांनो, एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. त्याला ते जमत होतं की नाही, हा प्रश्न परीक्षेला येत नाही, तेव्हा तो सोडून देऊ.

सिंह रोज गर्जना करायचा. तिचा सभ्य भाषेत मसुदा करून प्रजेला कळवायचं काम तोलाजी कोल्ह्याकडे होतं. 'एकेकाला फाडून खाईन' असं महाराज गरजले, की तोलाजी लिहायचा, 'प्रजाजनांच्या सहकार्याची अपेक्षा आहे.'

एका वर्षी दरबाराची गुहा गळू लागली. दुरुस्ती होईपर्यंत सेवकांनी हवं तिथून काम करावं, असा हुकूम निघाला. दुरुस्ती अजून चालू आहे. दरम्यान पोपटांची साखळी बसवण्यात आली. एका झाडावरच्या पोपटाने गर्जना ऐकायची, पुढच्याला सांगायची, त्याने त्याच्या पुढच्याला. मधल्या एखाद्याला पिकलेला पेरू दिसला, की दरबार तेवढा वेळ बंद.

तोलाजीने बोचकं बांधलं. तीन वर्षांत त्याने सहा गावं राहून पाहिली. डोंगरावर थंडी होती, नदीकाठी डास होते आणि राजधानीत इतर कोल्हे होते. प्रत्येक गावाला तो केळीच्या पानावर गुण द्यायचा. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, खाली बेरीज. एकही गाव पास झालं नाही.

सातवं गाव समुद्रकाठचं, शिंपलेबंदर. तसं लहानच, पण शहर म्हटलेलं तिथल्या खेकड्यांना आवडायचं. तिथे चंद्राक्का नावाच्या पाणमांजरीचं, उंडीच्या झाडाखाली एक रिकामं बीळ होतं.

"चार महिने राहून बघा," चंद्राक्का म्हणाली. "पावसाच्या तोंडावर मी विचारीन, राहता की जाता. पावसात बीळ रिकामं ठेवून चालत नाही. आपण कोणी ठेवला नाही, तर समुद्र येऊन राहतो."

तोलाजीने पान काढलं. ताजी मासळी, सकाळचा वारा, आणि महाराज पोपटामार्फत बोलत असल्याने दात दिसत नाहीत, हे डावीकडे गेलं. उजवीकडे घाम. शिवाय दुपारी एक ते चार सगळं गाव झोपायचं, आणि महाराजांची सभा नेमकी दोनला. शेवटचा पोपटही गावचाच असल्याने झोपायचा.

पण सगळ्यात मोठा तोटा निराळाच निघाला.

शिंपलेबंदरात कोणी वाटेने जाताना दिसलं, की विचारायचं, "खंय?" म्हणजे, कुठं निघालात? पहिल्याच सकाळी दामू बगळ्याने विचारलं.

तोलाजी थांबला. "दुपारच्या सभेपूर्वी थोडे पाय मोकळे करावेत, या हेतूने किनाऱ्याकडे चाललो आहे."

वाक्य संपेपर्यंत दामूने दोन मासे गिळले होते. दहा पावलांवर खेकड्याने विचारलं, "खंय?" परतताना त्याच खेकड्याने पुन्हा विचारलं. उत्तर कोणीच ऐकत नव्हतं. तोलाजीसारख्या मुद्देसूद प्राण्याला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

"आक्का, उत्तर नको असतं, तर विचारतात कशाला?"

"मग काय, बघून न बघितल्यासारखं जायचं? तुम्ही म्हणायचं, हंयच. झालं."

"पण मी इथेच जात नसतो."

"कोणीच जात नसतं," चंद्राक्का म्हणाली आणि मासे सुकत घालायला गेली.

त्या तोट्याला तोलाजीने दहा गुण कापले. मग त्याला वाटलं, आपण एवढे मसुदे लिहितो, एक स्वतःसाठी लिहायला काय हरकत आहे? त्याने माडाच्या पोयीवर, म्हणजे फुलोऱ्याच्या वाळक्या आवरणावर, फलक तयार केला आणि वेलीने गळ्यात अडकवला. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर कोल्ह्याच्या जाण्यायेण्याबाबत कोणतीही विचारणा करण्यात येऊ नये. हुकमावरून.'

खेकड्याने तो दामूला वाचून दाखवला. "कोणाचा हुकूम?" दामूने विचारलं. "लिहिलेलं नाही." "मग मोठ्याचाच असणार," दामू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गाव गप्प झालं. तोलाजी दिसला, की सगळे अदबीने समुद्राकडे पाहायचे. त्याने कापलेले दहा गुण परत दिले.

अशा शांततेत दिवस गेले. एका संध्याकाळी मसुदा पाठवून तो ओहोटीच्या ओल्या वाळूवर बसला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आठव्या गावाचा विचार आपल्या मनात आज आलाच नाही. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. इथे म्हातारं व्हावं, असं त्याला वाटलं. पण वाटण्याला पानावर रकाना नव्हता. बेरीज दोन गुणांनी कमी पडत होती. तोलाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच दोन गुण कृपेचे दिले. शिंपलेबंदर पास झालं.

ढग जमू लागले होते. पान घेऊन तो चंद्राक्काकडे गेला.

"आक्का, ठरलं. राहतो."

"खूप बरं वाटलं असतं," चंद्राक्का म्हणाली. "पण बीळ कालच भागी साळिंदरीला दिलं."

दाराशी एक साळिंदर बोचकं घेऊन बसली होती.

"तिने गावाची पाहणी तरी केली का?"

"वाटेने चालली होती. मी विचारलं, खंय? तर म्हणाली, ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याला घर लागतं. म्हटलं, बस."

तोलाजीचा आवाज खाली आला. "मला एकदा विचारायचं तरी."

"मी आठ दिवस येत होते की तुमच्या दाराशी. राहता की जाता, एवढंच विचारायचं होतं. पण हुकूम वाचायचा आणि परत जायचं. आपण गरीब. हुकूम मोडून कसं चालेल?"

तोलाजीने खाली पाहिलं. फलक आपल्याच गळ्यात होता, पण जारी झालेला हुकूम मागे कसा घ्यायचा, हे जंगलात आजवर कोणाला ठरवावं लागलं नव्हतं. त्याने बिळातलं बोचकं उचललं. भागीने त्याला वाट देण्यासाठी काटे मिटून घेतले.

पुढच्या गावाहून त्याने इतर कोल्ह्यांच्या माहितीसाठी पोपटांकरवी अहवाल पाठवला. 'शिंपलेबंदर. हवा उत्तम, मासळी उत्तम, समुद्र समाधानकारक. मात्र स्थानिक प्राणी अबोल असून बाहेरच्याची विचारपूस करत नाहीत.'

पोपटांनी तो एक शब्दही न गाळता पोचवला.

तात्पर्य : महत्त्वाचा निर्णय घाईने घेऊ नये. पुरेसा वेळ काढला, की तो दुसरं कोणीतरी घेतं आणि आपल्याला अहवाल लिहायला मोकळीक मिळते.